वजनकाट्यावरचे एक-दोन ग्रॅम: निकेलच्या नॅनोकणांमुळे जडलेल्या ॲलर्जीचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका 26 वर्षांच्या रसायनतज्ज्ञ महिलेचे आहे. पॉलिमर आणि लेपद्रव्ये यांची मिश्रणे तयार करणे हे त्यांचे काम होते आणि त्यासाठी त्या बहुतेक वेळा चांदीच्या शाईचे कण वापरत असत. पुढे त्यांच्याकडे निकेलच्या नॅनोकणांची भुकटी वापरण्याचे काम आले. ही भुकटी त्या प्रयोगशाळेतल्या उघड्या टेबलावर, एका वेळी एक-दोन ग्रॅम एवढीच, वजन करून घेत असत. श्वसनसंरक्षक मुखवटा किंवा हवा खेचून घेणारी बंदिस्त जागा अशी कोणतीही विशेष व्यवस्था तिथे नव्हती. काही काळाने त्यांना त्रास सुरू झाला आणि पुढे त्या इमारतीत काम करणेच त्यांना अवघड होऊन बसले. 2014 मध्ये व्यावसायिक वैद्यकाच्या एका नियतकालिकात या प्रकरणाचा अहवाल प्रसिद्ध झाला. अहवालात नोंदलेल्या घटना आधी सांगून त्यांतल्या निर्णयाच्या जागांवर मी थांबणार आहे. पर्यायांचे तोलमोल आणि शेवटच्या भागातील सूचना माझ्या आहेत.

ज्या कणाची किमान एक मिती साधारण 1 ते 100 नॅनोमीटर एवढी असते, त्याला नॅनोकण म्हणतात. निकेलच्या बाबतीत या आकाराचा अर्थ काय होतो हे साध्या गणिताने पाहता येते. एक मायक्रोमीटर व्यासाचा एक गोल कण फोडून त्याचे 20 नॅनोमीटर व्यासाचे कण केले, तर सव्वा लाख कण तयार होतात आणि एकूण पृष्ठभाग पन्नास पट होतो. निकेलची घनता लक्षात घेतली, तर एक मायक्रोमीटरच्या एक ग्रॅम भुकटीचा पृष्ठभाग एक चौरस मीटरपेक्षाही कमी भरतो. तेच एक ग्रॅम निकेल 20 नॅनोमीटरच्या सुट्या कणांच्या रूपात असेल तर तो 30 चौरस मीटरच्या वर जातो. प्रत्यक्षात हे कण एकमेकांना चिकटून गुठळ्या करतात, त्यामुळे हा हिशेब आदर्श स्थितीचा आहे. तरीही शरीरातील द्रवांशी होणारा संपर्क याच पृष्ठभागावर होत असल्यामुळे केवळ वजनावरून धोका जोखणे अपुरे पडते.

श्वासाबरोबर आत गेलेले कण कुठे बसतात, हेही आकारावर अवलंबून असते. साधारण 20 नॅनोमीटरच्या कणांपैकी जवळपास निम्मे फुप्फुसाच्या वायुकोशांत बसतात, असे श्वसनमार्गाच्या प्रमाणित प्रतिमानांवरून दिसते. एक नॅनोमीटरच्या आसपासचे कण मात्र बहुतांशी नाक आणि घशातच अडकतात. भुकटी हाताळताना हवेत एकाच आकाराचे कण जात नाहीत; सुटे कण, छोट्या गुठळ्या आणि मोठ्या गुठळ्या असे मिश्रण उडते. म्हणून नाकापासून वायुकोशांपर्यंत सगळ्या श्वसनमार्गाला त्याचा वाटा मिळतो.

समस्या

निकेलची भुकटी हाताळू लागल्यानंतर या रसायनतज्ज्ञांना घशात खवखव जाणवू लागली. नाक चोंदणे, नाकातला स्राव घशात उतरणे आणि चेहरा लाल होणे ही लक्षणे त्यात मिळाली. त्यानंतर त्वचेवर एक नवी खूण दिसली: कानातले दागिने आणि पट्ट्याचे बक्कल जिथे त्वचेला लागत होते, तिथे प्रतिक्रिया उमटू लागली. हा त्रास त्यांना नव्याने सुरू झाला होता आणि त्याची वेळ निकेलच्या कामाशी जुळत होती.

या प्रकरणातील सर्वांत बोलकी खूण ही बक्कल आणि दागिन्यांची आहे, असे मला वाटते. घशातली खवखव किंवा चोंदलेले नाक कोणत्याही प्रयोगशाळेत कोणालाही होऊ शकते. द्रावकांची वाफ, कोरडी हवा, साधी सर्दी, ऋतूनुसार होणारी ॲलर्जी, काहीही कारण असू शकते, आणि म्हणूनच अशी तक्रार सहज बाजूला ठेवली जाते. पण कामाच्या जागेपासून दूर, घरीही अंगावर असणाऱ्या वस्तू एकाएकी त्वचेला सोसेनाशा होतात, तेव्हा हवेतल्या साध्या जळजळीने ते समजावून सांगता येत नाही. शरीराची प्रतिकारयंत्रणा एका विशिष्ट धातूला ओळखू लागली आहे, असा त्याचा अर्थ होतो.

निकेल हा स्पर्शाने ॲलर्जी निर्माण करणाऱ्या पदार्थांपैकी जगभर सर्वाधिक आढळणारा धातू आहे. त्याचे आयन त्वचेतील प्रथिनांना चिकटतात, प्रतिकारयंत्रणेतील टी-पेशी त्यांना परके म्हणून लक्षात ठेवतात आणि पुढच्या संपर्कात एक-दोन दिवसांनी त्वचा लाल होऊन खाजू लागते. निकेल मानवी पेशींवरील टोल-लाइक रिसेप्टर 4 या ग्राहीला थेट चेतवू शकतो, हेही 2010 मध्ये दाखवले गेले आहे. म्हणजे दाह सुरू करणारी आरंभीची हाक हा धातू स्वतःच देऊ शकतो. कण जितका बारीक, तितका त्याचा पृष्ठभाग जास्त आणि तितके आयन सुटण्याला वाव जास्त. प्राण्यांवरील प्रयोगांतही सारख्याच वजनाच्या जाड निकेल भुकटीपेक्षा नॅनो आकाराच्या निकेलने फुप्फुसात अधिक दाह निर्माण केल्याचे आढळले आहे.

निदान आणि त्यातील अडचणी

तपासणीत दोन गोष्टी ठळकपणे पुढे आल्या. त्वचेवरील पॅच चाचणीत, म्हणजे संशयित पदार्थ पट्टीखाली त्वचेवर ठेवून पाहण्याच्या चाचणीत, निकेलला सकारात्मक प्रतिक्रिया मिळाली. श्वसनक्षमतेच्या चाचणीत पहिल्या सेकंदात जोराने बाहेर सोडलेल्या हवेचे प्रमाण सामान्य मर्यादेत होते, पण श्वासनलिका रुंदावणारे औषध दिल्यावर ते 16 टक्क्यांनी वाढले.

हा दुसरा निष्कर्ष नीट वाचणे आवश्यक आहे, कारण घाईत तपासणाऱ्याची नजर 'सामान्य' या शब्दावरच थांबते. त्या काळात रूढ असलेल्या निकषानुसार औषधानंतरची वाढ किमान 12 टक्के आणि 200 मिलिलिटर असेल, तर ती लक्षणीय मानली जाई. आकडा सामान्य असूनही तो औषधाने एवढा वाढतो, याचा अर्थ या व्यक्तीच्या श्वासनलिका तिच्या स्वतःच्या क्षमतेच्या मानाने आकसलेल्या असू शकतात. औषध देऊन दुसरी फुंकर घेतलीच नसती, तर 'फुप्फुसे ठीक आहेत' असा शेरा मिळून ही महिला पुन्हा त्याच टेबलावर बसली असती. पहिला मोठा निर्णय मला इथे दिसतो: तक्रारीवर विश्वास ठेवून तपासणी एक पायरी पुढे नेण्याचा.

मात्र या दोन चाचण्यांनी सर्व काही सिद्ध झाले, असे मानणेही बरोबर नाही. पॅच चाचणी ॲलर्जी आहे हे सांगते, ती कधी आणि कोणत्या वाटेने जडली हे सांगत नाही. निकेलची ॲलर्जी सर्वसामान्य लोकांत, विशेषतः कान टोचलेल्या स्त्रियांत, एरवीही पुष्कळ आढळते. पॉलिमर आणि लेपद्रव्यांच्या कामात आयसोसायनेट, ॲक्रिलेट, इपॉक्सी अशी श्वसनमार्गाला किंवा त्वचेला ॲलर्जी जडवणारी इतर रसायनेही असू शकतात. म्हणून अशा प्रकरणात कारण ठरवताना चार गोष्टी एकत्र ठेवून पाहाव्या लागतात: लक्षणांचा आणि कामाचा काळ जुळतो का, कामापासून दूर गेल्यावर लक्षणे कमी होतात का, परतल्यावर ती पुन्हा येतात का, आणि ज्या पदार्थावर संशय आहे त्याच पदार्थाला शरीर प्रतिसाद देते का. या महिलेच्या बाबतीत काळ जुळत होता, निकेलला प्रतिसाद होता, आणि परतल्यावर लक्षणे पुन्हा आली. एवढ्या आधारावर कामाचा आणि आजाराचा संबंध धरून पुढची पावले टाकणे पूर्णपणे रास्त होते.

याउलट, पुरावा तोकडा पडला की काय होते याचेही उदाहरण उपलब्ध आहे. चीनमधील एका कामाच्या ठिकाणी सात महिलांना फुप्फुसाचा गंभीर आजार झाला आणि त्यांपैकी दोघींचा मृत्यू झाला. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अहवालात त्यांच्या फुप्फुसांत नॅनोकण सापडल्याचे नोंदले होते. पण कोंदट खोली, बिघडलेली हवा खेचण्याची यंत्रणा, इतर रसायनांची उपस्थिती आणि हवेतील कणांच्या मोजमापाचा अभाव यांमुळे आजाराला नॅनोकणच कारण होते की आणखी काही, यावर तज्ज्ञांत बराच वाद झाला. ज्यांचे प्राण गेले त्यांच्या दृष्टीने हा वाद निरर्थक आहे. पण पुढच्या कामगारांसाठी नेमके काय बदलायचे हे ठरवताना मोजमाप नसल्याची उणीव फार महाग पडते.

समोर असलेले पर्याय

निदान झाल्यानंतर अशा प्रसंगी प्रश्नाला दोन बाजू असतात. एक, या व्यक्तीचे काय करायचे. दुसरी, या कामाचे काय करायचे. बहुतेक ठिकाणी पहिल्या प्रश्नावरच सगळी चर्चा होते आणि दुसरा मागे पडतो.

व्यक्तीच्या बाजूने पाहिले तर सर्वांत सोपा दिसणारा पर्याय मुखवट्याचा. नॅनोकण इतके बारीक असतात की ते गाळणीतून आरपार जातील, असा एक समज आढळतो. तो चुकीचा आहे. अतिसूक्ष्म कण हवेच्या रेणूंच्या धक्क्यांनी सतत वेडेवाकडे हलत असतात, त्यामुळे ते गाळणीच्या तंतूंवर आदळून अडकण्याची शक्यता वाढते. गाळणीला सर्वांत कठीण जातात ते साधारण 0.1 ते 0.3 मायक्रोमीटरचे कण. मुखवट्याची कमजोरी वेगळीच आहे. चेहरा आणि मुखवटा यांच्यातील फटीतून हवा आत शिरते. म्हणून चेहऱ्यावर नीट बसवून तपासलेला एन-95 मुखवटासुद्धा प्रत्यक्ष कामात संपर्क सुमारे दहापटीने कमी करतो, असे धरले जाते. ज्याला अजून ॲलर्जी जडलेली नाही त्याच्यासाठी हे संरक्षण उपयोगी आहे. जिची प्रतिकारयंत्रणा आधीच जागी झाली आहे, त्या व्यक्तीला दहाव्या हिश्श्यानेही त्रास होऊ शकतो; शिवाय मुखवटा त्वचेवर बसणाऱ्या कणांना अडवत नाही. संवेदनशील झालेल्या कामगाराला मुखवटा देऊन त्याच टेबलावर परत बसवणे हा मला स्वीकारार्ह पर्याय वाटत नाही.

दुसरा पर्याय औषधांचा. नाकात मारायचे फवारे, श्वासनलिका रुंदावणारी औषधे, त्वचेवरील मलमे यांनी लक्षणे आटोक्यात येतात. ही औषधे आवश्यक असतील तेव्हा जरूर द्यावीत, पण ती संपर्क सुरू ठेवण्यासाठी वापरली गेली तर घात होतो. कामामुळे होणाऱ्या दम्याच्या बाबतीत अनुभव असा आहे की, लक्षणे सुरू झाल्यावर जितका अधिक काळ संपर्क चालू राहतो, तितकी पूर्ण बरे होण्याची शक्यता घटते.

तिसरा पर्याय त्याच इमारतीत दुसऱ्या विभागात बदली करण्याचा. कागदावर तो समंजस दिसतो: नोकरी राहते, कौशल्य वाया जात नाही आणि निकेलशी थेट संबंध येत नाही. चौथा पर्याय त्या जागेपासून पूर्णपणे दूर जाण्याचा. त्याने आरोग्याचे रक्षण सर्वांत खात्रीने होते, पण त्याची किंमत आजारी पडलेल्या व्यक्तीलाच मोजावी लागते. चूक व्यवस्थेची आणि नोकरी मात्र कामगाराची जाणार, हा अन्याय नीट ओळखूनच या पर्यायाचा विचार केला पाहिजे.

कामाच्या बाजूने पाहिले तर निकेल वापरणे बंद करणे, कोरड्या भुकटीऐवजी द्रवात मिसळलेले निकेल मागवणे, वजन करण्याची जागा बंदिस्त करणे आणि कामाची पद्धत बदलणे असे पर्याय असतात. त्यांत माझा कल नेहमी दुसऱ्याकडे असतो. कोरडी भुकटी डब्यातून बाहेर काढताना काय होते ते जवळून पाहिले की कारण कळते. झाकण उघडताच आतली हवा थोडी बाहेर येते. चमचा भुकटीत घातला की स्थिर विजेमुळे काही कण चमच्याच्या दांड्याला आणि हातमोज्याला चिकटतात. चमचा वजनाच्या कागदावर झटकला जातो. आकडा थोडा जास्त झाला की उरलेली भुकटी परत डब्यात सोडली जाते. प्रत्येक हालचालीत थोडेसे द्रव्य हवेत जाते, आणि हे सगळे नाकापासून हातभर अंतरावर घडते. जे नॅनोकण शेवटी द्रवातच मिसळायचे आहेत ते सुरुवातीपासून द्रवात मिळाले, तर यातली एकही हालचाल करावी लागत नाही. द्रवातल्या कणांना जोराने ढवळले किंवा ध्वनिलहरींनी हलवले तर तुषारांबरोबर ते हवेत जाऊ शकतात, एवढी काळजी मात्र तिथेही घ्यावी लागते.

'एक-दोन ग्रॅम' या मोजमापाने होणारी दिशाभूल

या ठिकाणी थोडे रेंगाळणे गरजेचे आहे, कारण संपूर्ण प्रकरण या एका गैरसमजावर उभे आहे. एक-दोन ग्रॅम म्हणजे नगण्य, असे कोणालाही वाटेल. कारखान्यात टनांनी माल हाताळणाऱ्यांना तर ते हास्यास्पदच वाटेल. आता निकेलसाठीच्या मर्यादा पाहू. अमेरिकेतील कायद्याने बंधनकारक असलेली मर्यादा एका घनमीटर हवेत 1 मिलिग्रॅम आहे, तर त्याच देशातील नायॉश या संशोधनसंस्थेने सुचवलेली मर्यादा 0.015 मिलिग्रॅम आहे. दोन्हींत साठपटीहून अधिक अंतर आहे. दुसरी मर्यादा धरली तर 100 घनमीटरच्या, म्हणजे मध्यम आकाराच्या एका खोलीत फक्त दीड मिलिग्रॅम निकेल हवेत समान पसरले तरी ती गाठली जाते. एक ग्रॅम भुकटीचा तो सहाशेवा हिस्सादेखील नाही. आणि वजन करणाऱ्याच्या तोंडासमोरची हवा खोलीच्या सरासरीइतकी स्वच्छ कधीच नसते.

शिवाय या मर्यादा वजनावर आधारलेल्या आहेत आणि जाड भुकटी व नॅनोकण असा भेद त्या करत नाहीत. काही पदार्थांबाबत हा भेद केला गेला आहे. नायॉशने 2011 मध्ये टायटॅनियम डायऑक्साइडसाठी बारीक कणांना 2.4 आणि अतिसूक्ष्म कणांना 0.3 मिलिग्रॅम प्रति घनमीटर अशा दोन वेगळ्या मर्यादा सुचवल्या. 2013 मध्ये कार्बन नॅनोनलिका आणि नॅनोतंतूंसाठी 1 मायक्रोग्रॅम आणि 2021 मध्ये चांदीच्या नॅनोकणांसाठी 0.9 मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर अशी मर्यादा सुचवली. निकेलला अशी स्वतंत्र नॅनोमर्यादा नाही. त्यामुळे 'मर्यादेच्या आत आहे' हे उत्तर निकेलच्या नॅनोकणांबाबत समाधानकारक मानता येत नाही, आणि ॲलर्जी जडलेल्या व्यक्तीबाबत तर मुळीच नाही.

जास्त मात्रेचा परिणाम किती भयंकर असू शकतो याची नोंद 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका दुसऱ्या अहवालात आहे. धातूच्या विद्युतज्योतीने निकेलचा फवारा मारण्याचे काम करणारा 38 वर्षांचा निरोगी पुरुष त्या कामानंतर तेराव्या दिवशी श्वसन निकामी होऊन दगावला. त्याच्या फुप्फुसातील भक्षक पेशींमध्ये 25 नॅनोमीटरपेक्षा लहान निकेलचे कण सापडले, लघवीत निकेलचे प्रमाण फार वाढलेले होते आणि मूत्रपिंडांनाही इजा झाली होती. ती घटना आणि हे प्रकरण यांच्या मात्रेत प्रचंड तफावत आहे, आणि आजाराची जातही वेगळी आहे. तिथे विषारी मात्रेने थेट घाव घातला. इथे थोड्या मात्रेने शरीराची कायमची ओळख बदलली.

केलेली कार्यवाही

या रसायनतज्ज्ञांना कामावर परत आणण्याचा प्रयत्न झाला. निकेलच्या टेबलापासून दूर, इमारतीच्या इतर भागांतही त्यांना काम देऊन पाहिले गेले. दुसरीकडे, कंपनीने निकेलच्या नॅनोकणांसोबत काम करताना अधिक चांगल्या नियंत्रणांची आखणी हाती घेतली. म्हणजे दोन्ही प्रश्नांना हात घातला गेला, आणि याचे श्रेय दिले पाहिजे. अनेक ठिकाणी 'या व्यक्तीची प्रकृतीच नाजूक' असे म्हणून दुसरा प्रश्न कायमचा मिटवला जातो.

परिणाम

बदलीचा उपाय टिकला नाही. इमारतीच्या इतर भागांत काम करतानाही लक्षणे परत येऊ लागल्यामुळे त्यांचे पुनरागमन अवघड ठरले.

या निष्कर्षाकडे मी सर्वाधिक गांभीर्याने पाहतो. ज्या भुकटीचे वजन एका टेबलावर केले गेले, तिचा त्रास इमारतीच्या दुसऱ्या भागात का व्हावा? संभाव्य कारणे ओळखीची आहेत. अंगरख्यावरून, हातमोज्यांवरून, दारांच्या मुठींवरून आणि संगणकाच्या कळफलकावरून बारीक भुकटी सहज प्रवास करते. खोल्यांतली हवा सामाईक यंत्रणेतून फिरत असेल, तर गाळणीच्या दर्जानुसार काही कण तिच्यासोबत फिरतात. आणि संवेदनशील झालेल्या शरीराला प्रतिसाद देण्यासाठी फार थोडे द्रव्य पुरते. निकेल तर दैनंदिन वापरातील कित्येक मिश्रधातूंत असते, त्यामुळे या व्यक्तीसाठी संपर्क कामाच्या जागेपुरता उरला नव्हता. आजाराची ही बाजू भरपाईच्या हिशेबात क्वचितच मोजली जाते: जडलेली ॲलर्जी नोकरी सोडल्यावरही सोबत राहते.

काय वेगळे करता आले असते

निर्णयाची सर्वांत मोठी जागा आजारपणाच्या आधी, चांदीऐवजी निकेल आले त्या दिवशी होती. वरवर पाहता फारसे काही बदलले नव्हते. एका धातूच्या कणांऐवजी दुसऱ्या धातूचे कण, तेच काम, तीच प्रयोगशाळा. पण आरोग्याच्या दृष्टीने धातू बदलणे ही मोठी घटना होती. चांदीने ॲलर्जी जडणे विरळा, निकेलने ती जडणे नित्याचे. शाईतला कण द्रवात किंवा बंधकात अडकलेला असतो, कोरड्या भुकटीतला कण मोकळा असतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने निकेलच्या संयुगांना मानवात कर्करोग घडवणाऱ्या गटात आणि धातुरूप निकेलला संभाव्य कर्करोगकारकांच्या गटात ठेवले आहे, हीसुद्धा त्या दिवशी विचारात घ्यायची बाब होती. नवा पदार्थ प्रयोगशाळेत येण्याआधी एका पानाचा बदल-अर्ज भरून त्यात पदार्थ, त्याचे रूप, कणांचा आकार, ॲलर्जीचा गुणधर्म आणि हाताळणीची जागा एवढेच लिहायला लावले, तरी उघड्या टेबलाचा निर्णय टिकला नसता.

इथे सुरक्षा माहितीपत्रकावर विसंबून राहण्याचा धोकाही सांगितला पाहिजे. नॅनोपदार्थांसोबत येणारी माहितीपत्रके पुष्कळदा त्याच धातूच्या जाड रूपासाठी लिहिलेल्या मजकुरावर आधारलेली असतात. पण निकेलच्या साध्या भुकटीच्या माहितीपत्रकातही त्वचेच्या ॲलर्जीचा इशारा असतोच. म्हणजे नॅनोविज्ञानाचे प्रश्न सुटण्याची वाट पाहण्याची गरज नव्हती. जुने, पक्के ज्ञानही पुरेसे होते. जागतिक आरोग्य संघटनेने 2017 मध्ये नॅनोपदार्थांपासून कामगारांच्या संरक्षणासाठी जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांतही हीच भूमिका आहे: धोक्याची माहिती अपुरी असेल तेव्हा पूर्वखबरदारीने संपर्क शक्य तितका कमी ठेवावा.

नियंत्रणाच्या बाबतीत वजनाची जागा बंदिस्त करणे हे पहिले काम असायला हवे होते. ग्लोव्ह बॉक्स, म्हणजे आत बसवलेल्या हातमोज्यांतून काम करण्याची पूर्ण बंद पेटी, उत्तम. तो नसेल तर वजनकाट्यासाठी बनवलेला, हेपा गाळणी (अतिबारीक कण अडवणारी गाळणी) लावलेला छोटा बंदिस्त कक्षही चालतो. साधे फ्यूम हूड (हवा आत खेचून बाहेर सोडणारा, समोरून उघडा कक्ष) वापरायचे असेल तर त्यातील हवेचा वेग तपासावा, कारण वेग कमी असेल तर कण बाहेर निसटतात आणि फार जास्त असेल तर भोवरे तयार होऊन हलकी भुकटी उलट बाहेर फेकली जाते. निकेलची अतिबारीक भुकटी पेट घेऊ शकते, हे लक्षात घेता निष्क्रिय वायू भरलेल्या ग्लोव्ह बॉक्सचा दुहेरी फायदा आहे. टेबल ओल्या फडक्याने पुसावे, कोरड्या झाडूने झाडू नये आणि दाबाच्या हवेने तर कधीच उडवू नये. अंगरखा प्रयोगशाळेबाहेर जाऊ नये. यातले काहीही खर्चिक संशोधन मागत नाही.

मोजमापाबाबत अपेक्षा वास्तव ठेवाव्यात. कण मोजणारे यंत्र प्रत्येक घनसेंटिमीटरमधील कणांची संख्या सांगते, पण ते निकेलचे आहेत की बाहेरच्या वाहनांच्या धुराचे, हे सांगत नाही; कोणत्याही खोलीत असे पार्श्वभूमीचे कण हजारोंनी असतात. म्हणून काम सुरू होण्याआधीची संख्या आणि काम चालू असतानाची संख्या यांची तुलना करावी, आणि त्याच वेळी श्वासाच्या उंचीवर हवा गाळणीतून खेचून त्या गाळणीवरील निकेलचे रासायनिक विश्लेषण व इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली निरीक्षण करावे. या तिन्हींचा मेळ घातला की स्रोत सापडतो. मोजमाप होईपर्यंत नियंत्रण थांबवून ठेवणे मात्र चुकीचे आहे.

आरोग्यतपासणीच्या बाबतीत कामावर रुजू होताना श्वसनक्षमतेची मूळ नोंद घेऊन ठेवली, तर पुढे 'सामान्य' आकड्यातील घसरण ओळखता येते. निकेलला सामोरे जाणाऱ्या प्रत्येकाला ठरावीक काळाने तीन साधे प्रश्न विचारावेत: नाक-घशाचा त्रास कामाच्या दिवसांत वाढतो का, सुट्टीत कमी होतो का, आणि दागिने, घड्याळ, बक्कल यांनी त्वचेवर नव्याने काही उमटले का. संशय आला की कामाच्या दिवसांत आणि सुट्टीच्या दिवसांत, रोज किमान चार वेळा, छोट्या फुंकणीयंत्रावर श्वासाची कमाल गती नोंदवून घ्यावी. काही आठवड्यांच्या अशा आलेखात कामाचा ठसा बहुधा स्पष्ट दिसतो. लक्षणे नसलेल्या सर्वांची सरसकट पॅच चाचणी मात्र करू नये, कारण त्या चाचणीनेच क्वचित एखाद्याला नवी ॲलर्जी जडू शकते.

पुनरागमनाचा क्रम उलटा असायला हवा होता, असे मला वाटते. व्यक्तीला आधी दुसऱ्या विभागात बसवून लक्षणे येतात का हे पाहणे म्हणजे तिच्या शरीराचाच मोजमापासाठी वापर करणे होय. त्याऐवजी आधी त्या विभागातील टेबले, मुठी, कळफलक आणि हवेच्या झरोक्यांवरून पुसण्याचे नमुने घेऊन त्यांत निकेल आहे का हे तपासावे. निकेल सापडले तर ओली सफाई करून पुन्हा नमुने घ्यावेत. नमुने स्वच्छ आल्यावरच परतीची तारीख ठरवावी, पहिले काही आठवडे श्वासाच्या गतीची नोंद सुरू ठेवावी आणि लक्षणे परतली तर वेतनाला धक्का न लावता काम लगेच थांबवण्याचा अधिकार त्या व्यक्तीला लेखी द्यावा. त्याच टेबलाच्या आसपास काम केलेल्या इतर सर्वांची विचारपूसही याच आठवड्यांत व्हायला हवी, कारण एका व्यक्तीला ॲलर्जी जडली तेव्हा तीच हवा शेजारचेही घेत होते.